झाकणबाई आणि बोलणारं दार

ऑफिसात तिला झाकणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचं. नाव पडलं ते तिच्या एका हट्टापायी. प्रोग्रॅम लिहिताना असा एक डबा लागतो, की त्याला खूण सांगितली की तो त्या खुणेची वस्तू काढून देतो. नंबर सांगा, माणूस मिळेल. गल्ली सांगा, गाडी मिळेल. बाकीची पोरं हा डबा आधी रिकामा घडवत आणि मग आठवेल तसं त्यात काहीबाही टाकत बसत. झाकण कायम उघडं. झाकणबाईला ते अजिबात बघवत नसे.

तिची पद्धत वेगळी. ती कारखान्याच्या खिडकीशी जायची. आता ही काही खरी खिडकी नव्हे हो. स्टॅटिक फॅक्टरी मेथड असं भारदस्त नाव आहे तिचं. डबा आपण घडवायचा नाही, मागायचा. कोणत्या खुणेला कोणती वस्तू ते सगळं एका दमात सांगायचं, की भरलेला, झाकण ठोकलेला डबा हातात येतो. तो आतून पत्र्याचा की काचेचा, ही चौकशी करायची नाही. खिडकीवाल्याचे नियम मात्र कडक. एकच खूण दोनदा सांगितली तर हाकलून देतो. खुणेपुढे काही ठेवलंच नाही, नुसती पोकळी, तरी हाकलून देतो. आणि एकदा झाकण बसलं की बसलं. त्यात नंतर कुणाला काही घालता येत नाही की काढता येत नाही. मागे एका शहाण्यानं चालत्या प्रोग्रॅमच्या उघड्या डब्यात घाईघाईनं एक नवी गल्ली कोंबली होती, तेव्हा अख्ख्या वस्तीची पार्सलं कोंबड्यांच्या शेडवर जाऊन पडली. त्या दिवसापासून झाकणबाईशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

दुपार कलली की ऑफिसच्या टेबलांवर पिवळट ऊन सरकत यायचं, पंखा पेंगत फिरायचा आणि तिची तंद्री लागायची. पडद्यावरच्या अक्षरांच्या आड तिला लांबच लांब फळ्या दिसायच्या. फळ्यांवर डबे, प्रत्येकाला घट्ट झाकण, आणि मधल्या वाटेनं ती अनवाणी चाललेली. मनात खूण आणावी आणि हवा तो डबा आपणहून पुढे सरकावा. तिथे कुणी हरवत नसे, कुणी चुकीच्या दारी जात नसे. चहावाला कधी कप ठेवून गेला ते तिला कळायचंही नाही. भानावर येई तोवर चहावर साय धरलेली असायची.

लग्न तिनं उशिरा केलं, चाळिशी ओलांडल्यावर. त्याचंही असं झालं, की ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत ही एकटी, आणि दुरुस्तीला आलेला माणूस वरच्या फटीतून तिच्याशी बोलत राहिला. घाबरू नका असं तो एकदाही म्हणाला नाही. दोरखंड किती जाड असतो, मोटर कशी गुरगुरते, असलंच काहीतरी सांगत राहिला. अंधारात वरून येणारा तो सावकाश आवाज तिला इतका आवडला, की लिफ्ट सुरू झाली तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं. लिफ्टवाला विधुर होता. मोटरींच्या आवाजानं त्याचे कान अर्धे गेले होते. आणि गंमत बघा, जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चढवणारा हा गृहस्थ स्वतः राहत होता बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.

त्याची एक मुलगी होती, अकरा वर्षांची. मुळातच कमी बोलायची, म्हणून बाप लाडानं तिला घुमी म्हणायचा. घुमीनं नव्या बाईशी भांडण केलं नाही, रुसवे केले नाहीत, ताट आपटलं नाही. फक्त हाक मारली नाही. एकदाही नाही. काही हवं असलं तर भिंतीकडे बघून सांगायची, "दूध संपलंय." "उद्या शाळेत पांढरे मोजे लागतील." भिंत बिचारी काय मोजे आणणार? झाकणबाई आणायची. पण सगळ्या घरात, सगळ्या दिवसात, तिच्यासाठी एक शब्द नव्हता. बाईला हे लागायचं. भांडी घासता घासता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग ती स्वतःवरच चिडायची, की अगं, पोरीची आई गेलीय, तुझं काय गेलंय?

घुमीच्या आईची आई नदीपलीकडच्या गावात एकटी राहायची. बाई मनानं चांगली, पण सरळ बोलणारी. लग्नाच्या वेळीच तिनं जावयाला सांगून ठेवलं होतं, "वर्षभर बघते. पोरीचं मन रमलं तर मी काही बोलणार नाही. नाही रमलं, तर सुट्टीत येईन आणि घेऊन जाईन. आणि हे तू ठरवायचं नाहीस, मी नाही, तुझी बायको तर नाहीच. पोर ठरवेल." यात खोट काढायला जागाच नव्हती. झाकणबाईनं मान डोलावली होती. आणि आता सुट्टी जवळ येत चालली तशी ती कॅलेंडरवरचे दिवस मोजायला लागली. घुमी जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. भिंतीशी बोलू दे, पण इथे राहू दे.

अशातच एका संध्याकाळी ती घरी आली तर घुमी दिसेना. आतल्या खोलीत नाही, गॅलरीत नाही. न्हाणीघराला आतून कडी. बऱ्याच वेळानं कडी निघाली आणि आत पोर उभी, हातात बापाचा मोठा पाना, चेहरा पांढराफटक. शाळेतून आल्यावर ती घरात एकटी असायची. कुलपात किल्ली फिरली की कोण आत येतंय ते कळायचं नाही, म्हणून रोज इथे येऊन लपायची. रोज! झाकणबाईला स्वतःचा इतका राग आला, की ती त्याच पावली टेबलाशी जाऊन बसली.

तिनं दारासाठी एक यंत्र केलं. लिफ्टवाल्यानं पत्र्याची पेटी दिली, आत छोटा कॉम्प्युटर, भोंगा घरातल्या बाजूला. प्रत्येकाच्या किल्लीला एक बिल्ला. बाहेरून आलेल्यानं तो दाराच्या चौकटीला टेकवला, की आत पेटी बोलणार कोण आलं ते, कुलपात किल्ली जायच्या आधी. आणि बोलणार घुमीच्याच आवाजात, म्हणजे भीती नको. बिल्ल्याचा नंबर ही खूण, घुमीनं भरलेला आवाज ही वस्तू. साधा शोधायचा डबा. सवयीनं तिनं तो खिडकीवरच मागितला, झाकणासकट. घरातली माणसं किती, आणि त्यात बदल तो काय होणार, असा विचारही तिनं केला नाही.

"तिचाही," घुमी भिंतीला म्हणाली.

खुंटीवर घुमीच्या गेलेल्या आईच्या किल्ल्या अजून होत्या, निळी दोरी बांधलेल्या. झाकणबाईनं त्यांना बिल्ला लावला. घुमीनं रेकॉर्डरमध्ये बापासाठी आवाज भरला, स्वतःसाठी भरला, निळ्या दोरीसाठी भरला. चौथ्या बिल्ल्यापुढे काहीच भरलं नाही. अर्थातच पेटी सुरू होईना.

"का नाही चालत?" घुमीनं भिंतीला विचारलं.

"रिकामं चालत नाही त्याला," झाकणबाई हळूच म्हणाली. "बिल्ला आहे म्हटल्यावर त्याच्यापुढे काहीतरी हवं. काहीही चालेल."

"आणि दोन बिल्ल्यांना एकच आवाज दिला तर?"

झाकणबाई खुर्चीत सरळ झाली. काय सांगावं? खोटं सांगणं तिला कधी जमलं नाही, आणि या बाबतीत तर नाहीच. "खूण दोनदा येऊन चालत नाही. आवाज एकच असला तर त्याची काही हरकत नसते."

"हं," घुमी म्हणाली, आणि रेकॉर्डर घेऊन खोलीत गेली. जाताना दाराशी थांबून तिनं अट घातली, "ऐकायचं नाही."

"नाही ऐकणार," झाकणबाईनं शब्द दिला.

दोन-तीन दिवस रेकॉर्डर घुमीकडेच होता. ते दिवस झाकणबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. ऑफिसात फळ्यांच्या मधून चालताना ती एकाच डब्याशी घुटमळायची, झाकणावर बोटं फिरवायची आणि पुढे जायची. दोन बिल्ल्यांना एकच आवाज, असं पोरीनं उगाच विचारलं असेल का? आशा ही मोठी लबाड चीज आहे हो. बाई भाजी घेताना हसायची, जिना चढताना हसायची, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंही, काय गं, पगार वाढला की काय?

मग रेकॉर्डर टेबलावर आला. तिनं न ऐकता आवाज चढवले, डबा मागितला, पेटी मुकाट सुरू झाली. संध्याकाळी ती बाहेरून आली, बिल्ला टेकवला आणि दाराला कान लावून उभी राहिली. दार जुनं, जाडजूड लाकडाचं. पलीकडे तोफ उडाली तरी कळायचं नाही. आत गेली तर घुमी टेबलाशी बसून गणितं सोडवत होती. न्हाणीघर उघडं होतं. चला, निदान भीती तरी गेली.

पण माणसाचं मन. सुट्टीच्या दिवशी तिनं नवऱ्याला गाठलंच. "मी बाहेरून येते तेव्हा पेटी काय म्हणते हो?"

लिफ्टवाल्यानं डोकं खाजवलं. "तुझ्या वेळेला? काही म्हणत नाही. नुसती खरखर. मला वाटलं वायर सैल आहे."

"पोरगी काय करते तेव्हा?"

"काही नाही. पेन खाली ठेवते."

म्हणजे रिकामाच आवाज भरला होता. पोकळी चालत नाही, पण आवाज नसलेला आवाज चालतो. खिडकीवाला एवढं तपासत नाही. पोर हुशार आहे, झाकणबाईच्या मनात आलं, आणि मग गॅलरीत जाऊन ती चांगली हमसून रडली. तरी वायर तिनं तपासली नाही. शब्द दिला होता ना.

आजीचा निरोप आला: रविवारी येते. घुमीनं भिंतीला सांगितलं की आजीलाही बिल्ला हवा. झाकणबाई बसली, नंबर घातला, आणि पेटीनं साफ नकार दिला. देणारच होती. झाकण कुणी ठोकलं होतं? बाईनं कपाळावर हात मारला. ऑफिसातल्या पोरांनी हे बघितलं असतं तर महिनाभर खिदळली असती.

घुमी मागे उभी राहून बघत होती. तिला राग आला आणि रागाच्या भरात भिंत विसरली. "असा कसा डबा? नवीन माणूस आलं की चालतच नाही?"

झाकणबाईनं वळून बघितलं. पोर थेट तिच्याकडे बघत होती. नवीन माणूस म्हणजे कोण ते घुमीच्या मनातही नसेल, पण बाईनं ते स्वतःवर घेतलं. "चालतं," ती म्हणाली. "पण जुना डबा फोडायचा नाही. तो तसाच ठेवायचा. खिडकीशी जाऊन म्हणायचं, यातलं सगळं जसंच्या तसं घ्या, त्यात हे एक घाला, आणि नवा डबा द्या."

"जुन्यातलं काही जात नाही?"

"काही जात नाही. धक्कासुद्धा लागत नाही."

घुमी बराच वेळ निळ्या दोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग तसं कर."

शनिवारी दुपारी घर सामसूम होतं. बाप कामावर, घुमी मैत्रिणीकडे. झाकणबाई सगळे आवाज नव्या डब्यात उतरवत होती. पडद्यावर पाच ओळी, चौथी तिची स्वतःची. हेडफोन हाताशी पडलेला. एक बोट दाबायचा अवकाश. गॅलरीतून ऊन येऊन पार कीबोर्डपर्यंत पसरलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि बाई त्या ओळीकडे बघत बसली, बसली, किती वेळ गेला कोण जाणे. तिला वाटलं, ती त्या फळ्यांच्या मधोमध उभी आहे आणि चौथा डबा आपणहून पुढे सरकलाय, अगदी हाताशी, झाकण सैल. उद्या पोर गेली तर हे कधीच कळणार नाही. तिनं हेडफोन उचलला, आणि उलटा करून ड्रॉवरमध्ये टाकला. चौथी ओळ तिनं तशीच, न ऐकता, पुढे पाठवली.

रविवारी आजी आली ती जिन्याला शिव्या घालतच. "लिफ्टवाला जावई केला आणि तीन मजले चढतेय, याला म्हणायचं नशीब!" चहा झाला. घुमीची बॅग पलंगावर उघडी पडली होती, काही कपडे आत, काही बाहेर. तिच्याकडे बघायचं सगळेच टाळत होते. शेवटी आजीलाच राहवेना. "ती पेटी दाखवा बघू. बोलते म्हणे."

घुमीनं तिला बिल्ला दिला आणि बाहेर जाऊन टेकवायला सांगितलं. म्हातारीला खेळ सापडला. "सगळ्यांचे द्या," ती म्हणाली, "मी आज सगळ्यांच्या वतीनं येते." झाकणबाईच्या किल्ल्या टेबलावर होत्या, त्याही तिनं उचलल्या. खुंटीवरची निळी दोरीसुद्धा उचलली, क्षणभर मुठीत धरली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

झाकणबाई आत होती. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपला बिल्ला टेकवला जाताना आपण आजवर कधी आत नव्हतो.

"बाबा आले," पेटी घुमीच्या आवाजात म्हणाली. मग, "मीच आहे." मग, जरा हसू दाबत, "आजी आली, पळा." लिफ्टवाला हसला. मग थोडा वेळ काहीच नाही. बाहेर म्हातारी थबकली असणार. आणि पेटी म्हणाली, "आई." अगदी साधं, कुणी शेजारच्या खोलीतून हाक मारावी तसं. लिफ्टवाल्यानं मान खाली घातली. झाकणबाईनं डोळे मिटले आणि मनात म्हटलं, बरं झालं, हे नाव तिचंच राहिलं.

आता राहिला एकच बिल्ला.

आधी खरखर झाली, लिफ्टवाल्याच्या अर्ध्या कानांना ऐकू गेली होती तेवढीच. मग लांबून, खालून कुठून तरी, पावलं. दमलेली, एक पाऊल जरासं ओढणारी. जिना चढत होती. मधेच थांबली. पिशवी या हातातून त्या हातात गेली, एक बारीक खोकला, एक सुस्कारा. पुन्हा पावलं, जवळ, आणखी जवळ, दाराशी. किल्ल्यांचा जुडगा पिशवीच्या तळाशी शोधताना होतो तो खुळखुळाट. संपलं.

हे कोण, असं झाकणबाईला क्षणभर खरंच वाटलं. माणसाला स्वतःचं चालणं कुठे ऐकू येतं? मग तिनं घुमीकडे बघितलं. घुमी जमिनीकडे बघत होती.

"रेकॉर्डर बाहेर दाराशी लपवून ठेवायचे. पहिल्या दिवशी फुकट गेलं," घुमी म्हणाली. "तू मधेच खालच्या काकूंशी गप्पा मारत उभी राहिलीस. दुसऱ्या दिवशी कुत्रा भुंकला. मग तिसऱ्या दिवशी नीट आलं." ती पुढे म्हणाली, "तुला काय म्हणायचं ते मला ठरवता येत नव्हतं. पण रिकामं चालत नाही म्हणालीस ना."

दार उघडून आजी आत आली, दोन्ही हातांत किल्ल्या, डोळे लाल. निळी दोरी तिनं जपून खुंटीला अडकवली, नाक पुसलं आणि पलंगावर त्या उघड्या बॅगेशेजारी बसली. "बाहेर काही ऐकू येत नाही बाई," ती म्हणाली. "बरं, घुमे, आता सांग. भरायची का ही बॅग?"

घुमीनं बॅगेतला एक फ्रॉक बाहेर काढला, घडी मोडली होती ती पुन्हा घातली.

"चार दिवस येते, आजी," ती म्हणाली. "राहायला नाही येणार. संध्याकाळी ही येते, तेव्हा घरात कुणी नको का?"